व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची घरभेट: कुठे जमते, कुठे बिघडते

रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, चर्च भरलेलं असतं, आणि चर्चमागच्या गल्लीत कुणाच्या घरी दोन दिवस चूल पेटलेली नाही याचा पत्ता कुणालाच नसतो. बायबलच्या नव्या करारात याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमकं इथेच बोट ठेवलं आहे. उघड्या, उपाशी भावाला 'सुखाने जा, पोटभर जेव' म्हटलं आणि दिलं काहीच नाही, तर असल्या विश्वासाचा उपयोग काय? सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ही गरिबांना मदत करणारी सामान्य कॅथलिकांची संघटना, आणि गरजूच्या घरी स्वतः जाण्याची तिची घरभेट ही या प्रश्नाला कामातून उत्तर देणारी सेवा आहे. मुंबई-वसईकडच्या कॅथलिक वाचकांना तिचं नाव नवं नाही. ती आतून कशी चालते हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, म्हणून हे परीक्षण.

आमचं मत आधीच सांगतो. सोसायटीच्या सगळ्या कामांत घरभेट हेच सोनं आहे. धान्यवाटप, चादरीवाटप, नाताळचा फराळ ही कामं चांगलीच, पण ती कुठलंही मंडळ करू शकतं. घरभेट बंद पडली की उरतं ते नुसतं वाटप.

सुरुवातच एका टोमण्यातून झाली. पॅरिसमधल्या कॅथलिक विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळात एकाने विचारलं, तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामं केली असतील, आज तुम्ही काय करता? फ्रेडरिक ओझानाम या कायद्याच्या विद्यार्थ्याला ते लागलं. 23 एप्रिल 1833 ला, म्हणजे त्याच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि एमान्युएल बेली हे वडीलधारे गृहस्थ पहिल्यांदा जमले. अध्यक्ष बेली झाले, ओझानाम नव्हे. पण गरिबांकडे जायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं? ते सिस्टर रोझाली रांद्यू यांनी दाखवलं. पॅरिसच्या गरीब मुफतार वस्तीत या जोगिणीचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी घरांचे पत्ते दिले, पाव आणि जळणाच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि पोरांना दारात उभं कसं राहायचं तेही शिकवलं. सोसायटीच्या शाखेला 'कॉन्फरन्स' का म्हणतात, याचं उत्तरही त्या चर्चामंडळात आहे. त्या मंडळाला 'कॉन्फरन्स' म्हणत, तेच नाव पुढे चिकटलं.

कॉन्फरन्सची बैठक आठवड्याला, निदान पंधरवड्याला तरी व्हावी असं नियमावली सांगते. प्रार्थना, थोडं आध्यात्मिक वाचन, मागचं इतिवृत्त, खजिनदाराचा हिशेब, झालेल्या भेटींचा अहवाल, नवे अर्ज, पुढच्या भेटींची वाटणी. शेवटाकडे कापडी पिशवी फिरते. प्रत्येक जण मूठ मिटून हात आत घालतो आणि रिकामा बाहेर काढतो. कुणी पाचशे टाकले, कुणी दहा, कुणी काहीच नाही, हे शेजारच्यालाही कळत नाही. डाव्या हाताला उजव्याचं कळू नये हे मत्तयाचं वचन इतक्या साध्या युक्तीने पाळलेलं क्वचितच दिसतं. 'सोय म्हणून' पिशवीऐवजी वर्गणीची यादी सुरू केली, की तंगीत असलेला सभासद बैठकीलाच यायचा बंद होतो. पिशवी सोडू नये.

भेटीला नेहमी दोघांनी जावं. एकट्याने गेलं की पैशाचा घोळ होऊ शकतो, एकट्या बाईच्या घरी तिच्यावर बोट उचललं जातं, आणि ऐकलेलं पडताळायला दुसरा कान नसतो. जेवणाची वेळ टाळावी. अर्धा तास पुष्कळ. बसायला देतील तिथे, जमिनीवर असलं तरी, बसावं. चहा विचारला तर नको म्हणू नये. त्या घराला देण्यासारखं तेवढंच असतं, आणि ते घेतलं की बोलणं बरोबरीचं होतं. डोळे डब्यांवर आणि टीव्हीवर फिरवू नयेत. पैसा सभासदांच्या मालकीचा नाही आणि घेणाऱ्याने आपली लायकी सिद्ध करायची नाही, अशी नियमावलीची भूमिका आहे. सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियमही बहुधा हाच.

दारातच 'करतो काहीतरी' असं सांगून मोकळं होणं ही दुसरी मोठी चूक. निर्णय बैठकीत होतो, म्हणून 'बैठकीत मांडतो, अमुक दिवशी कळवतो' एवढंच बोलावं आणि त्या दिवशी नक्की कळवावं. न आलेल्या निरोपाने माणूस नकारापेक्षा जास्त दुखावतो. जीवघेणी निकड असेल तर अध्यक्षांना फोन लावून त्याच दिवशी सोय करावी, बैठकीची वाट पाहू नये.

मदत धर्म पाहून देत नाहीत. समोरचं कुटुंब हिंदू, मुसलमान, बौद्ध, कुणीही असो, निकष गरजेचाच. प्रार्थना करायची असेल तर आधी विचारावं, आणि नको म्हटलं तर विषय तिथेच सोडावा. ख्रिस्ती घरातही 'मिस्साला येता का?' हा प्रश्न मदतीच्या पाकिटाशेजारी ठेवू नये.

बिघाड सहसा सोयीपोटी होतो. वीस घरं फिरण्यापेक्षा महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या आवारात पिशव्या वाटणं सोपं वाटतं. मग मिस्साहून निघणारे सगळे ती रांग बघतात, कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतो, आणि शाळेतल्या मुलीला दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकावं लागतं. ज्यांना खरी लाज आहे ते रांगेत येतच नाहीत. कुणाच्या घरी काय दिलं हे बैठकीबाहेर जाऊ नये, स्वतःच्या घरीसुद्धा.

दुसरा बिघाड म्हणजे तेच कुटुंब वर्षानुवर्षं यादीत ठेवणं. दर सहा महिन्यांनी विचारावं, हे घर उभं राहायला काय लागेल? बऱ्याचदा उत्तर कागदपत्रांत असतं. निराधाराला संजय गांधी निराधार योजना, 65 वर्षांपुढच्या गरीब वृद्धाला श्रावणबाळ योजना, मोठ्या आजारपणात महात्मा फुले जन आरोग्य योजना. रेशनकार्ड, आधार, वयाचा पुरावा, रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला जमवून सोबत तहसील कार्यालयात एक चक्कर मारली, तर ती तांदळाच्या दहा पिशव्यांहून जास्त टिकते. आमच्या मते बहुतेक कॉन्फरन्स इथेच कमी पडतात. नव्या सभासदांपैकी एकाने तरी हेच काम धरावं.

पैशाबाबत: शाळेची फी शाळेत, औषधाचं बिल औषधाच्या दुकानात थेट भरावं आणि पावती फाइलला लावावी. जिथे रोखच लागते तिथे दोघांच्या समक्ष द्यावी. शिल्लक साठवत बसणं नियमावलीला मान्य नाही. गरिबांसाठी आलेला पैसा बँकेत फुगत असेल तर भेटी कमी पडताहेत असं समजावं.

सामील व्हायचं असेल तर आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, धर्मगुरूंना किंवा कॉन्फरन्सच्या अध्यक्षांना भेटा. दोन-तीन बैठका नुसत्या ऐका, मग पहिले काही महिने जुन्या सभासदाबरोबरच जा. बैठकीला साधारण तासभर आणि भेटींना आठवड्याचे एक-दोन तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर देणगी द्या, पण नाव नोंदवून गैरहजर राहू नका, कारण जोडीदारही अडकून पडतो. पहिल्या भेटीला हातात पिशवी नेऊ नका. घरात किती माणसं, कोण आजारी, कोणाचं काम सुटलं, हे आधी ऐकून घ्या. टिपणाची डायरी त्या घरातून बाहेर पडल्यावर, रस्त्याच्या वळणावर उघडा.