नाइमला ग्नूप्लॉटची जोड: कटकट आहे, पण आलेख देखणे

नाइम या डेटा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधले तयार आलेख झटपट नजर टाकायला पुरतात, छापायला नाहीत. तिथे 'एक्स्टर्नल टूल' नोड (नाइममधल्या कामाच्या साखळीतली एक पायरी) कामी येतो. तो तक्ता सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या मजकूर-फाइलीत) लिहितो, ग्नूप्लॉट हा आलेख काढणारा प्रोग्राम चालवतो आणि निकालाची फाइल परत वाचतो. मेख इथेच आहे: त्याला परत तक्ताच हवा असतो, पीएनजी चित्र नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये 'सेट प्रिंट' वापरून चित्राचा पत्ता एका छोट्या सीएसव्हीत लिहावा, म्हणजे नोड अडत नाही.

ग्नूप्लॉट मुळात रिकाम्या जागेवर स्तंभ तोडतो, त्यामुळे 'डेटाफाइल सेपरेटर' स्वल्पविराम करायलाच हवा. ओळींची नावंही फाइलमध्ये गेली तर स्तंभ एकाने सरकतात आणि आलेख गुपचूप चुकतो. हा दोष सर्वांत वाईट, कारण एरर येतच नाही.

मराठी अक्षरांसाठी 'पीएनजीकैरो' टर्मिनल (ग्नूप्लॉटमधली चित्राचा प्रकार ठरवणारी सोय) आणि नोटो सान्स देवनागरी फाँट घ्यावा. 'सांताक्रूझ'मधला रकार नीट बसतो.

२६ जुलै २००५ चा पाऊस काढून पाहा. सांताक्रूझचे ९४४ मिमी आणि कुलाब्याचे जेमतेम ७४ एकाच अक्षावर घेतले की कुलाबा तळाशी चिकटतो. 'मल्टिप्लॉट'ने दोन चौकटी करा, पण मापं वेगळी असल्याचं ठळक लिहा.

रोज तोच अहवाल काढणाऱ्यांनी हे जरूर बसवावं. एखाद्याच आलेखासाठी एवढा खटाटोप नको.