सिव्हिल इंजिनिअरांच्या संघटनेचं सभासदत्व : वर्ष होत आलं, आता नूतनीकरण करावं का?

नूतनीकरणाचा मेसेज आला, फी अधिक १८ टक्के जीएसटी. माझ्या पगारात ही रक्कम जाणवते, म्हणून सविस्तर लिहितोय.

आर्किटेक्टना १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते, डॉक्टर-वकिलांचंही तसंच. आपल्याला देशपातळीवर तसा कायदा नाही. म्हणजे सभासद झालो नाही तर काही अडत नाही. मग व्हायचं कशासाठी? आयएस कोड (बांधकामाची भारतीय मानकं) बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. सभासदांना मिळणाऱ्या फोल्डर आणि लॅपल पिनसाठी तर कोणी पैसे भरत नाही.

सगळ्यात मोठी अडचण वेळेची. कार्यक्रम नागपुरात सिव्हिल लाइन्सला, कामाच्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला. शहराबाहेर बुटीबोरीच्या माझ्या साइटवर तेव्हा काँक्रीट चालू असतं. धावतपळत पोहोचावं तर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय, पुन्हा सत्कार. वक्त्याच्या हाती माइक येतो तेव्हा सात वाजलेले असतात, आणि प्रश्नोत्तरं 'वेळेअभावी' रद्द. आम्ही येतो ते प्रश्न विचारायलाच! रविवारी सकाळी ठेवा, अशी लेखी विनंती केली, उत्तर नाही. दिवाळीपर्यंत माझं मत पक्कं होतं : पैसे वाया.

ते बदललं एका निवृत्त सरांमुळे. आमच्या साइटवर काळी माती, खाली अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल गेलेले, तळाकडे बल्बसारखे फुगीर केलेले काँक्रीटचे खांब. ठेकेदार म्हणत होता, ग्रेड बीम (पाइलांना वरून जोडणारी तुळई) सरळ जमिनीवरच टाकू, शटरिंग, म्हणजे खालचा तात्पुरता साचा, वाचेल. ऑफिसात विचारलं तर 'ड्रॉइंगप्रमाणे कर' एवढंच. संघटनेच्या एका कार्यक्रमात चहाच्या वेळी सरांना ड्रॉइंग दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पेन्सिलीने बीमखाली एक रेघ मारली. "इथे ८० मिलिमीटर मोकळे हवेत. पावसात माती फुगून बीमला वर रेटते, पाइलचा बल्ब मात्र खाली घट्ट धरून ठेवतो. मग बीमला तडा जाणारच." आयएस २९११ च्या तिसऱ्या भागात हे कुठे आहे तेही दाखवलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला कारणासकट सांगता आलं. त्याने मुकाट्याने शटरिंग लावलं.

माझ्या वयाच्या पोरांना हेच हवंय. ड्रॉइंगवर नजर टाकणारा, 'का' ते सांगणारा अनुभवी माणूस. ऑफिसात साहेबांना वेळ नसतो, आणि आपण फार विचारलं तर अप्रेजलला ते आठवतं. संघटनेत ती भीती नाही. पण हे मला सर त्या दिवशी चहाच्या टेबलाशी उभे होते म्हणून मिळालं. संघटनेने त्यासाठी काहीच केलं नव्हतं. महिन्यातून एक रविवार, दोन ज्येष्ठ, एक टेबल, 'या, ड्रॉइंग घेऊन या' एवढं ठेवलं तरी तरुणांची रांग लागेल. खर्च फक्त चहाचा.

मी वार्षिक फी भरतोय. आजीवनचा अर्ज मात्र, कार्यकारिणीत पस्तिशीच्या आतलं एक तरी नाव दिसेपर्यंत, भरणार नाही. तुम्ही सभासद होणार असाल तर आधी एक कार्यक्रम पाहुणा म्हणून बघा, आणि प्रश्नांना किती वेळ देतात ते घड्याळ लावून मोजा.