एल्डन रिंग: मारामारीपेक्षा पळता येणं महत्त्वाचं

हा तलवारी-ड्रॅगनचा व्हिडिओ गेम आला २०२२ च्या फेब्रुवारीत, त्याची डीएलसी, म्हणजे नंतरची जोड, आली २०२४ च्या जूनमध्ये, आणि मी खेळायला घेतला या पावसाळ्यात, म्हणजे सगळं जग खेळून मोकळं झाल्यावर. गोव्यात फोंड्याला जून-जुलैत दुसरं करणार काय, बाहेर पडलं की पाच मिनिटांत चिंब आणि घरात बसलं की लाईटचा नेम नाही. डिचोलीचा मावसभाऊ केव्हाचा मागे लागलेला घे म्हणून, पण तो बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचे गेम म्हणजे पैसे देऊन मार खायचा असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. शेवटी सेल लागला तेव्हा घेतला. स्टोरीवर काही लिहीत नाही, मला अर्धीसुद्धा कळलेली नाही. खेळायला कसा आहे तेवढंच सांगतो.

सुरुवातीलाच दार उघडून लिमग्रेव्हमध्ये येतो आपण, हिरवंगार रान, लांब ते सोनेरी झाड, आणि रस्त्यावर घोड्यावर बसलेला सोनेरी चिलखतातला एक बाबा, ट्री सेंटिनल. मला वाटलं समोर ठेवलाय म्हणजे मारायचाच असणार, नाहीतर ठेवला कशाला. मी व्हॅगाबॉन्ड हा योद्धा घेतलेला, लेव्हल ९, हातात ढाल, अंगात मस्ती. वीसेक वेळा मेलो. रात्री भावाला फोन केला तर तो हसायलाच लागला, म्हणाला अरे त्याच्या वाटेला जायला तुला सांगितलं कोणी, झाडीतून बाजूनं जा की.

तिथे मला हा गेम कळला. यात इझी-हार्ड अशी सेटिंगच नाही, नकाशा हीच सेटिंग. मार्गिट हा पहिला मोठा बॉस, म्हणजे वाट अडवणारा दांडगा शत्रू, जमत नाही? सोड त्याला, दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात जा, पडक्या चर्चमधून सेक्रेड टिअर उचल, गोल्डन सीड शोध, म्हणजे औषधाच्या बाटल्या वाढतात आणि एका घोटात जास्त रक्त भरतं, मग ये परत. मी तसंच केलं. जो मार्गिट मला दोन फटक्यांत झोपवत होता त्याला तिसऱ्या प्रयत्नात पाडला, हात काही फार सुधारला नव्हता, तयारी सुधारली होती. आणि यासाठी टॉरेंट हा घोडा दिलाय तो गेमचा जीव आहे, शीळ घातली की हजर, हवेत दुसरी उडी मारतो, आणि नको त्या भांडणातून बाहेर काढतो. पळून गेलं म्हणून गेम तुम्हाला कमीपणा देत नाही, हे मला फार आवडलं.

पैशाचा प्रकार मात्र जीवघेणा. रून्स मिळतात त्यातच लेव्हल वाढवायची आणि त्यातच खरेदीही करायची. मेलात की सगळे तिथेच पडतात, परत जाऊन उचलायची एकच संधी, वाटेत पुन्हा मेलात तर गेले ते गेले. खिशात वीस हजार रून्स असताना मी असा चालायचो जसा पगार घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या गर्दीत माणूस चालतो, एक हात खिशावर.

आता मारामारी. आधी वजन समजून घ्या, माझे पहिले दहा तास यातच वाया गेले. अंगावरच्या सामानाचं वजन तुमच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांवर गेलं की लोळणं, म्हणजे फटका चुकवायची कोलांटी, जड होतं, १०० च्या वर गेलं की लोळताच येत नाही, आणि ३० च्या खाली ठेवलं तर पिसासारखे हलके. मी सापडेल ते चिलखत अंगावर चढवून फिरत होतो, चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाभाज्यांचं, सगळं सामान एकाच फेरीत स्कूटरवर आणणाऱ्यासारखा, आणि वर तक्रार की डॉज लागत नाही. दुसरी गोष्ट गार्ड काउंटर, ढालीवर फटका घेतला की लगेच हेवी अटॅक दाबायचा, नवख्याला यापेक्षा सोपं हत्यार नाही. उडी मारून हेवी मारत राहिलं तर समोरच्याचा तोल जातो, तो गुडघ्यावर आला की क्रिटिकल, म्हणजे एकच जबर घाव, तो आवाज ऐकायला मी उठसूट उड्या मारत होतो. आणि बॉस लोक मुद्दाम थांबून मारतात बरं का, मार्गिट काठी वर धरतो आणि नुसता थांबतो, आपण घाबरून आधीच लोळतो आणि मग तो निवांत मारतो.

अॅशेस ऑफ वॉरमुळे साध्या तलवारीला दुसरं कौशल्य लावता येतं, बदलता येतं. स्पिरिट अॅशेसने सोबतीला लांडगे बोलावता येतात, काही लोक म्हणतात ही चीटिंग, म्हणू दे, मी रोज बोलावले. व्हिगर, म्हणजे अंगातला जीव, वाढवा, एवढं ऐका माझं.

आता कुरबुर. क्वेस्टची, म्हणजे लोकांनी दिलेल्या कामांची, वही नाही. एक बाई काहीतरी गूढ बोलून जाते, पुढे ती कुठे भेटणार हे देव जाणे, चुकून पुढे सरकलात तर तिची गोष्टच संपलेली असते. मी चक्क कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायला लागलो. मोठ्या बॉसच्या पायाशी गेलं की कॅमेऱ्यात नुसती नखं दिसतात. कॅटाकोम्ब, म्हणजे जमिनीखालचं थडगं, पंधरावं उघडेपर्यंत कंटाळा येतो, तेच ते बॉस परत. पीसीवर सेकंदाला ६० फ्रेम्सच्या वर जातच नाही.

आणि पॉझ नाही! संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, आई आतून ओरडते पाव घे, आणि माझ्यासमोर ड्रॅगन. साठ तास मी पावासाठी मरत होतो. मग भावाने सांगितलं की मेनूत हेल्प दाबून मेनू एक्सप्लनेशन उघडलं की गेम थांबतो. हे त्याने आधी का नाही सांगितलं यावरून आमचं भांडण अजून चालू आहे. लाईट गेली तर मात्र फारसं नुकसान नाही, गेम सारखा स्वतःच सेव्ह करत असतो, पण त्यामुळेच चूक केली की मागे जाता येत नाही.

को-ऑप, म्हणजे ऑनलाइन मिळून खेळणं, त्याबद्दल एकच सांगतो. सोबतीला कोणी बोलावलं की घोडा बंद, स्पिरिट अॅशेस बंद, आणि ज्याच्या जगात खेळताय तो मेला की सगळ्यांचा खेळ खलास. वेर्ण्याच्या ऑफिसातला माझा मित्र मूळचा कोल्हापूरचा, त्याला आणि भावाला माझ्या जगात घेतलं, तळ्यावरच्या अगील ड्रॅगनला मारायला. तो वरून उतरायला लागला तसा भाऊ हेडसेटवर ओरडला, "पळय, पळय, पळय!" आमच्या कोकणीत पळय म्हणजे बघ. मी वर बघत उभा, भाऊ वर बघत उभा, दोघेही आगीत भाजलो. कोल्हापूरकर तळ्याच्या पार पलीकडच्या काठावर सुखरूप उभा, आणि मी मेलो तसा तोही आपल्या जगात परत फेकला गेला.

"तूच म्हणालास की पळ," तो अजून म्हणतो.