आधी कान तपासायला लावणारा ट्रेनर

मनीषनगरात घरी येऊन कुत्र्यांना ट्रेनिंग देणाऱ्या दादांबद्दल लिहितेय. आमचा ब्रूनो रॉटवायलर, वजन ५० किलोच्या आसपास. डोक्यावरून हात फिरवला की अचानक गुरगुरायला लागला. सोसायटीत लगेच सुरू, "जातच तशी आहे ना बाप्पा, देऊन टाका कोणाला." आधीच्या ट्रेनरने तर गुरगुरला की पट्ट्याला हिसका द्यायला सांगितलं होतं.

हे दादा पहिल्या दिवशी ब्रूनोला हात न लावता नुसते बसून राहिले. तो डोकं कसं झटकतो, कोणत्या कुशीवर झोपायचं टाळतो, ते बघत होते. मग म्हणाले, "ताई, ट्रेनिंगचं नंतर पाहू. आधी डॉक्टरांना कान दाखवा." उजव्या कानात आतपर्यंत इन्फेक्शन निघालं. बिचारा दुखतंय म्हणून सांगत होता! औषधाचा कोर्स संपल्यावरच त्यांनी काम हाती घेतलं.

गुरगुरणं हा इशारा असतो. तो मारून बंद केला तर कुत्रा पुढे इशारा न देताच चावू शकतो, हे त्यांनी माझ्या सासूबाईंनाही पटवलं. शेपूट हलतेय म्हणजे खूशच, असंही नाही. अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तर हात मागे घ्या. पिटबुलचा जबडा लॉक होतो ही निव्वळ अफवा. मात्र एवढ्या ताकदीचा कुत्रा चावला तर जखम मोठीच होणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि दही चाटवत चाटवत ब्रूनोला मझलची, म्हणजे तोंडावर बांधायच्या जाळीची, सवय लावली. मला हा खरेपणा फार आवडला.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घालायला सांगणारं पत्र राज्यांना पाठवलं, त्यात रॉटवायलरही होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्येच रद्द केलं, तरी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून फिरतं. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८ हजारांवर कुत्र्यांची पाहणी छापून आली. स्वभावातल्या फरकापैकी जातीमुळे येणारा वाटा सुमारे ९ टक्केच निघाला. ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

फी कमी नाही. मे महिन्यात भल्या सकाळीच येतात, कारण नंतर रस्त्यावर पंजे भाजतात. घरातले सगळे हजर नसले तर सेशन घेत नाहीत. पिल्लू आणणार असाल तर आधीच बोलून ठेवा. माणसं, ऑटो, ढोलताशे यांची ओळख पिल्लू साधारण चौदा आठवड्यांचं होण्याआधी व्हायला हवी.