भोपळा, गाजर की बीट? नाक मुरडणाऱ्या पिल्लासाठी पहिला केक कशाचा

दोन-तीन वर्षांचं मूल भाजी पाहून तोंड फिरवतं आणि मग आई-बाबा केकच्या मागे लागतात. हाताशी असतात लाल भोपळा, गाजर आणि बीट. कशात किती जीवनसत्त्वं हे शोधत बसण्यापेक्षा मूल नेमकं कशावर अडतं ते आधी पाहावं. कुणाला तोंडात येणारे तुकडे नको असतात, कुणाला वास, तर कुणाला रंग.

तुकड्यांवर अडणाऱ्यांसाठी भोपळ्याला तोड नाही. वाफवून घोटला की तो कणकेत पूर्ण मुरतो, वास सौम्य आणि मुळातच गोडसर. घारगे होणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको. वाटीभर गराला दीड वाटी कणीक, पाव वाटी तेल किंवा पातळ तूप, तेवढंच दही, दीड चमचा बेकिंग पावडर आणि वेलची. ओव्हन 180 अंशांवर, छोट्या कपांना 20 ते 25 मिनिटं. वाफवलेल्या भोपळ्याचं पाणी मात्र नीट निथळू द्या, नाहीतर केक वरून भाजलेला आणि मध्ये चिकट राहतो. गोडीला भिजवून वाटलेला खजूर किंवा पिकलेलं केळं पुरतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना वरून साखर नको असं डॉक्टर सांगतात, आणि त्या हिशेबात गूळही साखरच. मधाचं तर एक वर्षाच्या आत नावही काढू नये.

गाजर किसूनच घालतात, त्यामुळे केकमध्ये तंतू दिसतात. चिकित्सक पोरं ते एकेक करून वेचून बाजूला ठेवतात! पण चावून खाणाऱ्या, थोड्या मोठ्या मुलाला गाजर चांगलं, कारण आपण काय खातोय हे त्याला दिसतं. हिवाळ्यातली लाल गाजरं जास्त गोड आणि रसाळ, तेव्हा कीस हलका पिळून घ्यावा. एरवीची केशरी गाजरं जरा कोरडी, त्यांना दही थोडं वाढवावं. किसणी बारीकच हवी.

बीटचा मोह रंगामुळे पडतो. पीठ सुंदर गुलाबी दिसतं, पण ओव्हनमधून बऱ्याचदा तपकिरी केक बाहेर येतो, सोडा जास्त पडला तर नक्कीच. दही किंवा लिंबाच्या आंबटपणाने रंग थोडाफार टिकतो. मातकट वास मात्र जात नाही, आणि वासावर अडणारं मूल तो पहिल्याच घासाला ओळखतं. शिवाय दुसऱ्या दिवशी लंगोट लाल दिसून घरातले घाबरतात ते वेगळंच. माझं मत विचाराल तर बीट धिरड्यात घालावं, केकच्या वाट्याला जाऊ नये.

ओव्हन नसेल तर कोकण-गोव्याकडची तवसळी आहेच. मोठी जून काकडी किसायची, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि ओलं खोबरं घालून वाफवायचं. मैदा नाही, अंडं नाही, बेकिंग पावडरही नाही. पूर्वी धोंडस, म्हणजे हाच काकडीचा केक, खाली-वर निखारे ठेवून भाजायचे, त्या खरपूस कडेची सर वाफेला नाही. अडचण दोन ठिकाणी: गूळ भरपूर लागतो आणि खोबरं दाताखाली येतं. म्हणून ही तीनेक वर्षांच्या पुढच्यांना, तीही गूळ निम्मा करून. काकडी आधी चाखून पाहा. दुधी वापरणार असाल तर त्याचीही फोड चाखा, कडू लागला तर सरळ फेकून द्या.

भोपळ्याचं पीठ आप्पेपात्रातही छान होतं, आणि तो गोळा लहान मुठीत बरोबर मावतो. अख्खे काजू-बदाम घालू नका, घशात अडकतात. पूड चालेल.

केक संपला म्हणजे भाजी खायला लागला असं मात्र समजू नका. लपवलेल्या भाजीशी ओळख होत नाही. बशीत शेजारी वाफवलेल्या भोपळ्याची एक फोड ठेवावी, आग्रह न करता. दहा वेळा नाकारून अकराव्यांदा उचलणारी मुलं असतात. उरलेला गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला की पुढच्या वेळी अर्धं काम झालेलं असतं.