खुणा नसलेली एनफील्ड

शाळेत १८५७चा उठाव शिकताना ‘काडतूस’ हा शब्द डोक्यात बसला तो कायमचा. दातांनी तोडायची ती चरबी लावलेली काडतुसं ज्या बंदुकीची, ती १८५३च्या नमुन्याची एनफील्ड. नोकरीसाठी पेनसिल्व्हेनियात आलो, पुढे इथलाच नागरिक झालो, आणि कळलं की अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी हीच बंदूक लाखोंनी मागवली होती. गेटिसबर्गच्या लढाईचे प्रसंग त्या काळच्या वेषात उभे करणाऱ्या एका पथकात मी शिरलो, तेव्हा हातात एनफील्डच हवी होती.

अस्सल जुनी माझ्या आवाक्याबाहेर. नवी इटालियन प्रतिकृती हजार डॉलरच्या आसपास, आणि मी बाजूला काढलेले सहाशे. अशात ऑनलाइन जाहिरात दिसली: ‘पार्कर-हेल, बर्मिंगहॅम, तीन पट्ट्यांची, ५२५ डॉलर.’ पार्कर-हेलच्या बर्मिंगहॅममध्ये बनलेल्या जुन्या प्रतिकृतींना जाणकारांत मोठा मान आहे. घोड्याजवळच्या पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ ही अक्षरं, सगळं फोटोत ठळक होतं. नळी तपासून सुरक्षित ठरल्यावर तिच्यावर मारतात त्या परीक्षेच्या खुणा मात्र कुठेच दिसेनात. विचारलं, तर विक्रेता म्हणाला, ‘डीफार्ब केलेली आहे.’

मी फसलो तो इथे. डीफार्ब करणं ही खोटी गोष्ट नाही. बंदूक जुनी वाटावी म्हणून आमच्यातले बरेच जण आजच्या कंपनीचं नाव, ‘फक्त काळी दारू’ वगैरे मजकूर घासून काढून घेतात. त्यामुळे खुणा नाहीत हे मला खटकायला हवं होतं, तेच मला बंदुकीचं मोल वाढवणारं वाटलं. वर त्याने पैसे मित्राला पाठवतात तसे पाठवायला लावले, खरेदी म्हणून नाही. शुल्क वाचेल म्हणाला. तक्रार करायचा हक्क तिथेच संपला.

नळीत ग्रीस गच्च भरलेलं आलं. साठवणीसाठी असेल, असं मी धरून चाललो. पहिल्या कवायतीआधी तपासणी झाली. सार्जंट नळीत गज सोडतो. तळ स्वच्छ असेल तर खणखणीत आवाज येतो. माझ्या बंदुकीतून नुसतं ‘धप्’. घोडा अर्ध्यावर चढवून चाप ओढून पाहिला. तो तिथेच अडकून राहायला हवा, तर तोही सुटला. बंदूक तिथेच बाजूला ठेवायला सांगितली.

घरी गरम पाण्याने नळी धुऊन आत उजेड टाकला. खऱ्या एनफील्डच्या नळीत पिळाच्या तीन खाचा असतात. ही आतून सपाट, पाइपासारखी. बंदूक दुरुस्त करणाऱ्याने नळी लाकडातून काढली. खालच्या बाजूलाही एक खूण नाही. घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीची ठिणगी दारूपर्यंत जाते ते भोक हाताने, तिरकं पाडलेलं. त्याच्या मते ही भारतात भिंतीवर लावायला बनवतात त्या प्रकारची नळी होती. शोभेची म्हणून विकली तर त्यात गैर काही नाही. पण कुणीतरी ती भोक पाडून उडवण्याजोगी केली आणि बर्मिंगहॅमच्या नावाने मला विकली. अशा नळीत नुसता दारूचा बार भरला तरी ती गालाजवळ फुटू शकते. रांगेत माझ्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात, हे आठवलं की अजून झोप उडते.

बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३पासून नळीत जादा दारू भरून तिची परीक्षा घेतं आणि मगच ठसा मारतं. इटलीत हे काम गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावात होतं. तिथल्या नळीवर परीक्षेचं वर्ष सांगणारी दोन अक्षरं चौकोनात असतात. तेव्हा नळी लाकडाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या उतरवून नळीच्या खालच्या अंगाचा फोटो मागा. नळीत वरून उजेड टाकून आतला फोटो मागा. डीफार्ब कुणी केलं ते विचारा. चांगला कारागीर घासलेला क्रमांक बहुधा खाली पुन्हा ठोकतो आणि त्याचं नाव सांगता येतं. आणि हातात आल्यावर सगळ्यात आधी गज आत घालून बाहेरून मोजा, आत जुना बार अडकलेला असू शकतो. तोंडाकडून भरायच्या अशा प्रतिकृतींना इथला संघीय कायदा पुराण शस्त्रात धरतो, म्हणून त्या परवानाधारक दुकानदाराच्या हातून न जाता थेट घरी येतात. मधे तपासणारं कुणी नसतं. राज्याचे नियम वेगळे असू शकतात, तेही बघून घ्या.

विक्रेत्याचं खाते बंद झालं. गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाने तशीच जाहिरात आली आहे: तोच तांबडा गालिचा, तीच वाक्यं, ४७५ डॉलर. नळीच्या खालचा फोटो त्यातही नाही.