किड्यांचे डाग आणि खेडशीच्या अलीकडचं वॉशिंग सेंटर

माझी पांढरी अर्टिगा भाड्यावर चालते, रत्नागिरी ते पनवेल-मुंबई. पॅसेंजरला सकाळचं विमान नाहीतर डॉक्टरची अपॉइंटमेंट असते, म्हणून निघायचं रात्री दहाला आणि सुमारे ३०० किलोमीटर काळोखातच कापायचे. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात तेव्हा, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास भाताच्या खाचरांतले हिरवे तुडतुडे उजेडाकडे झेपावतात तेव्हा, सकाळी गाडीच्या तोंडाकडे बघवत नाही. बंपर, नंबर प्लेट, बॉनेटची पुढची कड, आरशांची पाठ, सगळीकडे पिवळे-तपकिरी ठिपके. माझी गाडी पांढरी, त्यामुळे एकूण एक उठून दिसतो.

गेल्या वर्षी घाईत एका ठिकाणी धुवायला टाकली. तिथल्या पोराने भांड्याचा साबण लावला आणि भांडी घासायची तारेची घासणी घेऊन बंपर खसाखसा घासला. किडे निघाले, पण उन्हात गाडी तिरकी लावली की आजही कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. वर बंपरच्या एका कडेला दगड लागून टवका उडाला होता, तिथे प्रेशरची नळी वीतभर अंतरावरून मारली, तर रंगाचा आणखी पापुद्रा निघाला. गाडीचा हप्ता मी भरतो, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यानंतर एका रिक्षावाल्या मित्राने हे सेंटर सांगितलं. रत्नागिरीजवळच्या कुवारबाववरून हातखंब्याकडे निघालात की खेडशी यायच्या आधी डाव्या हाताला, निळ्या टाकीखाली. एक काका आणि त्यांचा पुतण्या असे दोघेच. गाडी लावल्या लावल्या काकांनी पाणी मारलंच नाही. आधी बॉनेटवर हात ठेवून बघितला, गरम होतं म्हणून शेडमध्ये पंधरा मिनिटं उभी करायला लावली. मग दोन जुने पंचे बादलीत बुडवून, न पिळता, बंपरवर आणि बॉनेटच्या कडेवर अंथरले आणि मला म्हणाले, "घासायचं नाय, भिजवायचं. अंड्याचं ताट वाळलं की कसं करता घरी? तसंच हे."

मला ते तिथेच पटलं. किड्याच्या अंगातला रस म्हणजे बराचसा प्रथिनांचाच, वाळला की अंड्यासारखा धरून बसतो. त्यावर ऊन पडलं की रंगावरचा जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, त्याला तो खायला लागतो. हा थर आपल्या केसापेक्षाही पातळ. म्हणून चार दिवस तसाच ठेवलेला डाग निघाला तरी खाली खूण राहते.

वीसेक मिनिटांनी पंचा उचलला तेव्हा मी वाकून बघत होतो. कडक झालेले ठिपके फुगून लिबलिबीत झाले होते, एका चतुराचा पंख आपोआप पंच्याला चिकटून वर आला. मग काकांनी किडे काढायचा स्प्रे मारला, तो वाळायच्या आत मायक्रोफायबरच्या फडक्याने एकाच दिशेने, हात अगदी हलका ठेवून पुसलं. प्रत्येक पुसण्याला फडक्याची घडी बदलायची, कारण किड्यांची कवचं फडक्यात अडकली की तीच ओरखडे काढतात. शेवटी शॅम्पू. खाली दाराच्या कडेला डांबराचे ठिपके होते, त्याला वेगळी बाटली काढली. डांबर म्हणजे फणसाच्या चिकासारखं, ते पाण्याने हलत नाही, त्याला तेलकट औषधच लागतं. किड्यांना ते औषध लावून उपयोग नाही. कितीतरी जण दोन्हीवर रॉकेल फिरवतात.

गाडीच्या पुढच्या जाळीच्या आत एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग असतो, तिथेही किडे बसतात आणि हवा अडते. तो त्यांनी हलक्या धारेने, समोरून सरळ पाणी सोडून धुतला. जोराची धार तिरकी लागली की त्याच्या पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकतात, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

बॉनेटवरचे दोन डाग मात्र गेले नाहीत. नख फिरवलं की खड्डा लागत नाही, पण चंद्रकोरीसारखी फिकट खूण आहे. काकांनी स्वच्छ सांगितलं, "हे धुऊन जाणार नाय. पॉलिश मारलं तर कमी दिसेल, पण पॉलिशने थर अजून झिजतो. दोनच आहेत, राहू देत." पॉलिशचे पैसे सहज घेता आले असते त्यांना, म्हणून माझा या माणसावर विश्वास बसला.

पूर्ण धुण्याचे ४०० घेतले, किड्यांचे वेगळे १००. पुढचा अर्धा भाग हाताने वॅक्स करून घेतला त्याचे २५० वेगळे. त्यावर किडे बसतात, पण पाण्याने लवकर सुटतात, तीन भाड्यांत मी ते बघितलं.

तक्रारी थोड्या आहेत. बसायला जागा नाही, पावसात छत्री घेऊन उभं राहावं लागतं. आणि नंबर लावायची सोय नाही, रविवारी गेलात तर दोन तास धरून चाला. वायपरचं रबर पुसायचंही राहून गेलं होतं, काचेवर पिवळा फराटा आल्यावर मला कळलं. फोन केला तर काका म्हणाले, "घेऊन या, पुसून देतो." दुसऱ्या दिवशी पुसून दिलं, पैसे घेतले नाहीत.

आता डिकीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन आणि दोन जुने पंचे कायम असतात. पनवेलला पॅसेंजर उतरला की ऊन वर यायच्या आत पंचे ओले करून बंपरवर टाकतो आणि मग चहाला जातो.